अंतरपाट आणि रुपेरी पडदा

आपल्या चित्रपटांत लग्ने पुष्कळ लागतात. नायक-नायिकेचे लागते, त्यांच्या भावाबहिणींचे लागते, आणि खलनायकाच्या तावडीतून सुटलेल्या एखाद्या मुलीचेही शेवटच्या दहा मिनिटांत उरकून घेतले जाते. मांडव दिसतो, सनई ऐकू येते, अक्षता पडतात. पण या मांडवाचे पैसे कोणी दिले, कुठून आणले आणि ते पुढे फिटले की नाही, हे चित्रपट संपला तरी प्रेक्षकाला कळत नाही. एरवी आपल्या खेड्यापाड्यांत लग्न म्हटले की सुपारीबरोबर पहिली होते ती यादी. दोन्हीकडची जाणती माणसे बसतात आणि सोने किती, पोशाख कोणाचा, भांडी कोणाची, जेवणावळ कोणाकडे, हे एका कागदावर लिहून खाली सह्या होतात. मुलाने मुलीकडे धड मान वर करून पाहिलेले नसते. यादी मात्र दोनदा वाचून पाहिलेली असते. हा कागद आपल्या चित्रपटाने बहुतेक वेळा प्रेक्षकापासून लपवला आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ज्या थोड्या चित्रपटांनी तो लपवला नाही, त्यांतच स्त्रीपुरुषांची एकमेकांविषयीची ओढ खरी वाटते, हे त्यापुढचे म्हणणे.

वरवर पाहता या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. हिशेब हा रुक्ष व्यवहार आणि ओढ हा हृदयाचा प्रांत. हिशेब दूर ठेवला की प्रेम निर्भेळ राहते, अशी आपल्या पटकथाकारांची समजूत दिसते. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याला हे फार दिवस मानता येत नाही. पात्र कागदावर उतरले की त्याला पोटाचा उद्योग द्यावा लागतो, राहायला खोली द्यावी लागते, महिनाअखेरीला त्याच्या खिशात काय उरते हे ठरवावे लागते. ते ठरले नाही तर पात्राने केलेले प्रेमही वाचकाला पटत नाही. माणूस कशावर पाणी सोडायला तयार आहे हे कळल्यावाचून त्याला काय हवे आहे हे कळत नाही. इच्छेला वजन येते ते याच मापाने.

हा विचार शिरूर-दौंडच्या बाजूला राहणाऱ्या माणसाच्या मनात यावा, याला कारण आहे. घोडनदीच्या काठचा शिरूर तालुका आणि भीमेच्या काठचा दौंड तालुका एकमेकांना लागून आहेत, आणि आपल्या चित्रपटांनी ज्या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढून दाखवल्या त्या सगळ्या इथे एका दिवसाच्या फेरीत भेटतात. शिरूर तालुक्यातल्या पाबळला मस्तानीची कबर आहे. दौंड तालुक्यात, सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याला संगीत बारीच्या लावणीची कला केंद्रे आहेत. त्याच तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. आणि रांजणगावला, अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या गावी, औद्योगिक वसाहतीत फ्रीज आणि कपडे धुण्याची यंत्रे तयार होतात. ओढ, तिचा बाजार, लग्नाने बाहेर टाकलेल्या बायकांचा आसरा, आणि लग्नात द्यायच्या वस्तू, अशी ही चार ठिकाणे आहेत. प्रत्यक्षात एकाच रस्त्याने जोडलेली ही ठिकाणे पडद्यावर मात्र चार निरनिराळ्या चित्रपटांत वाटली गेली आहेत.

प्रारंभी असे नव्हते. १९३७ साली ‘प्रभात’ने पुण्यात काढलेला ‘कुंकू’ घ्या. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी तो केला. पोरक्या मुलीचा मामा पैशाच्या लोभाने तिला एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो, इथून कथा सुरू होते. म्हणजे पहिला व्यवहार प्रेक्षकासमोरच उरकला जातो. पुढे शांता आपटे यांनी उभी केलेली ती मुलगी नवऱ्याला पत्नीचा हक्क द्यायला नकार देते, आणि तो नकार प्रेक्षकाला पुरेपूर पटतो. कारण ती ज्या सौद्याला नकार देत आहे तो सौदा त्याने पाहिलेला असतो. केशवराव दात्यांचा काकासाहेबही खलपुरुष होत नाही. घरातले जुने घड्याळ आणि आपले वय यांच्यामध्ये सापडलेला तो माणूस आहे. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज तेवढे ऐकू येतात. भावना कुठे दाटून आली पाहिजे हे सांगायला वाद्यवृंद नसल्यामुळे प्रेक्षकाला समोरचा व्यवहार स्वतः तोलावा लागतो. काकासाहेबांच्या सुधारक मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले होते. प्रत्यक्ष आयुष्यात त्यांनी र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचे कार्य केले. शरीर, लग्न आणि पैसा यांविषयी स्पष्ट बोलण्याचे धैर्य त्या काळच्या पडद्यावर होते आणि पडद्यामागेही होते, याची ही साक्ष समजावी.

हिंदीतही एक थोर उदाहरण आहे. ‘मदर इंडिया’ (१९५७) हा आईच्या त्यागाचा चित्रपट म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तो लग्नाच्या कर्जाचा चित्रपट आहे हे मात्र सहसा बोलले जात नाही. राधाचे लग्न थाटात व्हावे म्हणून सासूने सावकाराकडून पाचशे रुपये उचललेले असतात. पुढच्या सगळ्या आपत्ती त्या पाचशे रुपयांतून निघतात. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे या घराला वाचता येत नाही, आणि हा निरक्षरपणा दुष्काळापेक्षा जास्त महाग पडतो. शेवटी तिचा मुलगा सावकाराच्या मुलीला तिच्याच लग्नाच्या दिवशी पळवतो आणि राधा त्याच्यावर गोळी झाडते. एका लग्नाचे कर्ज दुसऱ्या लग्नाच्या दिवशी असे फिटते. मेहबूब खानांनी नांगर ओढणाऱ्या बाईचे चित्र एवढे प्रचंड केले की त्याच्या सावलीत ही हिशेबाची वही झाकली गेली. पण ती आहे, आणि चित्रपटाची रचना तिच्यावरच उभी आहे.

मग ही वही कुठे गेली? मला वाटते, आपल्या चित्रपटाने एक सोयीची वाटणी केली. घरात लग्न ठेवले आणि ओढ रस्त्यापलीकडच्या फडात नेऊन बसवली. मराठीत तमाशापटांची लाट आली ती या वाटणीतून. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. एवढा काळ एवढ्या माणसांना तिथे जे मिळत होते, ते त्यांना घरात बोलून दाखवता येत नव्हते हे उघड आहे. लावणीवाली बाई मनातले बोलू शकते, डोळ्याला डोळा भिडवू शकते. घरच्या बाईला तेवढी मुभा नाही. मात्र जी मनातले बोलते तिला शेवटी मरावे तरी लागते किंवा पश्चात्ताप तरी करावा लागतो, हा त्या करमणुकीवरचा कर.

शांतारामांचा ‘पिंजरा’ (१९७२) मला शाळामास्तर या नात्याने जास्त जवळचा आणि म्हणूनच जास्त खटकणारा वाटतो. आदर्शवादी मास्तर तमाशातल्या बाईच्या मोहात पडतो आणि घसरत घसरत अशा अवस्थेला पोचतो की, स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून त्याला फाशीची शिक्षा होते. डॉ. श्रीराम लागूंनी त्या अधःपाताची एकेक पायरी दाखवली आहे. अभिनयाविषयी तक्रार नाही. परंतु ओढ म्हणजे खड्डा आणि चांगला माणूस त्यात पडतो, एवढेच या चित्रपटाचे सांगणे उरते. त्या बाईच्या फडाचे पोट कशावर चालते, गावाने फड हाकलून दिला तेव्हा तिच्या माणसांच्या तोंडचा घास कसा गेला, याचा जमाखर्च मास्तरच्या शीलाच्या मानाने फार थोडा येतो. गावाला आपल्या मास्तरचा पुतळा हवा असतो, माणूस नको असतो, हा चित्रपटातला सर्वांत खोल विचार. पण त्याच न्यायाने प्रेक्षकालाही बाईची लावणी हवी असते, तिचा हिशेब नको असतो. चौफुल्याच्या केंद्रांत नाचणाऱ्या बायकांना भेटले तर बोलणे प्रथम बारीचे उत्पन्न, त्यातली वाटणी, गावाकडे पाठवायचे पैसे आणि मुलांची फी यांवर येते. मोहाची भाषा ही गिऱ्हाइकाची भाषा आहे. तिथे राबणाऱ्या बाईची भाषा हिशेबाची आहे.

ही उणीव भरून निघाली ती गंमत म्हणजे ‘सांगत्ये ऐका’च्याच नायिकेकडून. हंसा वाडकरांनी त्याच नावाने आत्मकथन लिहिले, ते १९७० साली प्रसिद्ध झाले, आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) केला. स्मिता पाटीलची उषा ही कमावती बायको आहे आणि नवरा तिच्या कमाईचा कारभारी. तिला प्रेम हवे आहे. पण ज्याच्याकडून ते हवे त्याला तिच्या पुढच्या चित्रपटाचा करार हवा आहे. या घरातली भांडणे शीलावरून सुरू होतात आणि त्यांचे मूळ पैशात सापडते, किंवा पैशावरून सुरू होऊन शीलावर जातात. दोन्हींचा गुंता सोडवता येत नाही. हे सगळे टाकून ती एका जमीनदाराच्या वाड्यात जाते. तिथे अन्नवस्त्राला तोटा नाही, अगत्य आहे. पण वाड्याबाहेर पाऊल टाकायची परवानगी नाही. सुखाची किंमत काय, हे तिला त्या दिवशी कळते. तमाशापटातल्या बाईपेक्षा उषाची तहान शतपट खरी वाटते, कारण तिच्यासाठी तिने काय काय मोजले हे आपण पाहिलेले असते.

पाबळची गोष्टही याच वाटणीची आहे, फक्त ती अठराव्या शतकातली आहे. बाजीराव १७४० साली रावेरखेडीला वारला आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. पाबळ हे तिला इनाम मिळालेले गाव. तिच्या कबरीला कोणी समाधी म्हणतात, कोणी मजार म्हणतात, आणि दोन्ही म्हणणारे तिथे हात जोडतात. तिच्या मुलाची मुंज होऊ शकली नाही. त्याला शमशेर बहाद्दर या नावाने वाढवण्यात आले आणि १७६१ साली पानिपतानंतर तो जखमांनी गेला. तेव्हा मस्तानीला घरात घ्यायचे की नाही, हा प्रश्न प्रेमाचा जेवढा होता तेवढाच पंगतीचा, वारशाचा आणि वतनाचा होता. इनामदारांच्या ‘राऊ’ (१९७२) कादंबरीवरून संजय लीला भन्साळी यांनी ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) काढला तेव्हा पुण्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, यावर मोठा वाद झाला. तो वाद मला गौण वाटतो. माझी तक्रार आरशांविषयी आहे. त्या चित्रपटात आरसे, झुंबरे, दिवे, रेशीम यांची एवढी आरास आहे की दोन माणसांना एकमेकांविषयी काय वाटते हे आपण त्यांच्या चेहऱ्यावरून वाचायचे सोडून महालावरून वाचू लागतो. महाल जितका मोठा तितके प्रेम मोठे, असे नकळत समीकरण होते. बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला आरसेमहाल आठवतो; पाबळचे इनाम आठवत नाही. वस्तूंनी इच्छेची जागा कशी घ्यावी याचा तो भव्य नमुना आहे.

अर्थात भन्साळींनी ही रीत नव्याने काढली नाही. तिचा पाया १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ने घातला. त्या चित्रपटात लग्न म्हणजे अखंड उत्सव आहे. मिठाईची ताटे, सजलेली घरे, न संपणारी गाणी. मुलीचा बाप आणि मुलाचा काका जुने मित्र, त्यामुळे देण्याघेण्याचा प्रश्नच येत नाही. हुंडा नाही, तसा हुंड्याला विरोधही नाही. सगळे इतके श्रीमंत आहेत की मागायची कोणाला गरज नाही आणि द्यायचे कोणाला ओझे नाही. हुंडाबंदीचा कायदा होऊन तेहतीस वर्षे लोटल्यावर आपल्या चित्रपटाने हुंड्याचा प्रश्न असा सोडवला. परिणाम काय झाला तो आमच्याकडच्या मांडवांत पाहावा. वराचे बूट लपवणे, संगीत, मेंदीची वेगळी संध्याकाळ, लग्नाआधी नदीकाठी नवरा-नवरीला धावायला लावून घेतलेले चित्रण, हे सगळे पडद्यावरून मांडवात उतरले. कानपिळीचा मान मागणाऱ्या आमच्या मेहुण्यांना बूट लपवणे कधी माहीत नव्हते. या प्रत्येक नव्या विधीला खर्च आहे, आणि तो यादीत कुठे तरी कोणाच्या तरी नावावर पडतो. पडद्यावर फुकट असलेला उत्सव गावात कर्जाने होतो.

मराठीत त्याच सुमारास दुसऱ्या टोकाचे यश आले ते ‘माहेरची साडी’चे (१९९१). राजस्थानी चित्रपटावरून विजय कोंडके यांनी केलेल्या या चित्रपटाला बायका गाड्या जुंपून, ट्रॅक्टरमध्ये बसून जात आणि पदर भिजवून परत येत. त्याला नुसते रडगाणे म्हणून हसण्याची आपल्या सुशिक्षितांत चाल आहे. तिच्याशी मी सहमत नाही. त्या बायका उगाच रडत नव्हत्या. एका साडीत माहेरचे प्रेम, बापाची अढी आणि सासरचा अपमान हे सगळे गुंडाळलेले असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. वस्तू किती बोलते हे या चित्रपटाला नेमके कळले. मात्र साडीचे देणे-न देणे ज्या व्यवस्थेतून येते तिच्यापाशी गेल्यावर तो थांबला आणि सगळा दोष सासूच्या स्वभावावर टाकून मोकळा झाला. सासूही कधी तरी याच यादीतून या घरात आली होती, हे त्याने विचारले नाही.

हे विचारले ते ‘उंबरठा’ने (१९८२), जरी त्यातले घर सधन आणि सुसंस्कृत होते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून जब्बार पटेल यांनी केलेल्या या चित्रपटात सुलभा सुधारगृहाची नोकरी पत्करते. तिला नवरा नकोसा झालेला नाही, मुलगीही नकोशी नाही. तिला काम हवे आहे. आणि काम हवे असणे हीदेखील इच्छा आहे, एवढी साधी गोष्ट आपल्या चित्रपटात तोवर फार कमी वेळा आली होती. परत आल्यावर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि त्याची अपेक्षा अशी की सुलभाने ते समजून घ्यावे. म्हणजे पुरुषाच्या इच्छेची भरपाई आधीच मंजूर आणि बाईच्या इच्छेवर घर गमावण्याचा दंड. ज्या बायकांकडे गिरण्याखातर सुलभा घर सोडते त्यांच्यासारख्यांना आसरा म्हणून रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केडगावच्या माळावर घरे बांधली. दुष्काळात सापडलेल्या, वैधव्याने वाऱ्यावर पडलेल्या मुली तिथे आल्या, हातमाग शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी स्वतः १८८० साली परप्रांतीय आणि परजातीय गृहस्थाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला होता आणि दोन वर्षांत त्यांना वैधव्य आले होते. बाईच्या हाती स्वतःची कमाई नसेल तर लग्न मोडल्यावर तिच्याकडे काहीच उरत नाही, हे त्यांना उपदेशाने नव्हे, जगून कळले होते.

आता ‘सैराट’कडे (२०१६) वळतो. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाविषयी एवढे लिहिले गेले आहे की पुन्हा जातीचा विषय मांडण्याची गरज नाही. त्याचे मोठेपण तिथेच आहे हे मान्यच. मला त्याच्या दोन भागांतला फरक महत्त्वाचा वाटतो. पहिल्या भागात ऊस, विहीर, बुलेट, ट्रॅक्टर आणि अजय-अतुल यांचे भरघोस संगीत आहे. म्हणजे आपल्या चित्रपटांत प्रेम जसे असते तसे. दुसऱ्या भागात हैदराबादची झोपडपट्टी येते आणि संगीत जवळजवळ थांबते. पाटलाच्या मुलीला सार्वजनिक संडासाच्या वासाने मळमळते. ती कारखान्यात कामाला लागते, तो डोशाच्या गाडीवर. संशयावरून दोघे भांडतात, तो हात उगारतो, ती निघून जाते आणि परत येते. मग हळूहळू चार पैसे जमतात, दुचाकी येते, मूल होते, बांधकाम चालू असलेली सदनिका बघून होते. पुष्कळ प्रेक्षकांना हा भाग लांबलेला वाटला. मला तोच चित्रपटाचा कणा वाटतो. विहिरीवर जे प्रेम दिसले ते खरे होते हे या खोलीत सिद्ध होते, कारण अर्चीने त्यासाठी काय टाकले याचा आकडा आता आपल्यापुढे आहे.

आणि अखेरीस माहेरची माणसे येतात ती आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन. ‘माहेरची साडी’ ज्या वस्तूवर रडली तीच वस्तू इथे दाराशी येते आणि तिच्यामागून मृत्यू येतो. आपल्या चित्रपटातल्या आहेराचा एवढा भयंकर आणि एवढा खरा अर्थ त्यापूर्वी कोणी लावला नव्हता. अर्ची चहा टाकते, कारण आलेल्या आहेराचा अर्थ तिला माया असा शिकवलेला आहे.

या वाटेवरचा अलीकडचा चित्रपट म्हणजे जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’. तो परदेशांतल्या महोत्सवांत गाजून २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन तो केला आहे. सविता शिकते आहे, परीक्षा देऊ पाहते आहे. आणि मधूनमधून पाव्हणे येतात, पुरुषांची रांग बसते, तिला समोर बसवून नाव, शिक्षण, उंची विचारली जाते. प्रसंग तोच पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी जास्त असह्य होतो. बापाचा कापूस आणि मुलीचे लग्न यांचे भाव एकाच तराजूत आहेत. प्रारंभीच एक उलटापालट आहे: बायका बसल्या आहेत आणि मुलगा समोर आणला आहे. प्रेक्षक हसतो, आणि आपण का हसलो हे पुढचे दोन तास त्याला कळत राहते. या चित्रपटात भव्य काही नाही. मुलीच्या मनात काय आहे हे तिला बोलूही दिले जात नाही. तरी तिची इच्छा आपल्याला दिसते, कारण तिच्या आड येणारा प्रत्येक रुपया आपण पाहतो. त्याच वर्षी ‘सनडान्स’ला पारितोषिक मिळवून आलेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आणखी एक पाऊल पुढे गेला. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेल्या मुलाला भाऊबंद लग्नाविषयी टोकत राहतात, आणि त्याची ओढ आहे ती बालमित्राकडे. यादीत ज्या इच्छेला रकानाच नाही तिची ही कथा. आणि ती आरडाओरडा न करता सांगितली आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दिवसभर राबलेला माणूस तिकीट काढतो ते हिशेब विसरायला. त्याला पडद्यावरही वहीच दाखवायची का? मी करमणुकीच्या विरुद्ध नाही. विरंगुळ्याचा हक्क गरिबाला जास्त आहे. पण विसरणे आणि फसवले जाणे यांत अंतर आहे. ‘ब्रह्मचारी’सारखा (१९३८) अत्र्यांचा विनोदी बोलपट माणसाला हसवत हसवत स्वतःच्या इच्छेशी खोटे बोलणाऱ्या नायकाचे सोंग उघडे पाडत होता. विनोद आणि गाणी यांनी खरेपणा बुडत नाही. तो बुडतो तो खर्च दडवल्याने. लग्न हा केवळ भावनेचा सोहळा आहे असे शंभर चित्रपटांनी सांगितले की प्रत्यक्षात पैशाची बोलणी निघाल्यावर तरुणांना वाटते, आपल्याच नशिबी हे कुरूप आले. आणि मग ते त्याविषयी बोलतही नाहीत.

याचे आज काय होते आहे ते दोन्ही तालुक्यांत दिसते. एके काळी दौंडला रेल्वेतला जावई मिळाला की मुलीच्या बापाला गंगेत घोडे न्हाल्यासारखे वाटे. आता पुण्यात सदनिका, पक्की नोकरी आणि गावाकडे चार एकर बागायत, ही तिन्ही एका मुलात मागितली जातात. शेतकऱ्याचा मुलगा पस्तिशीला येऊन थांबतो. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले, पण त्या घोड्यांवर बसलेल्यांना घरी जाऊन हसू आले नसेल. पारावर यावर एकच निदान ऐकू येते: मुली पैशाच्या मागे लागल्या. मी ज्या मुलींना शिकवतो त्यांच्याविषयी मला हे पटत नाही. त्यांनी आईला उसाच्या बिलाची वाट पाहताना पाहिले आहे. थोरल्या बहिणीच्या यादीपायी गहाण गेलेले वावर पाहिले आहे. शेतीवर नाव बापाचे, भावाचे, पुढे नवऱ्याचे. राबणे तेवढे तिचे. रांजणगावच्या यंत्रापुढे उभी राहून जी फ्रीज जोडते, तिच्याच बापाने तसाच फ्रीज रुखवतात मांडायचा, हा विनोद तिला कळतो. पिढ्यान्‌पिढ्या मुलाकडच्यांनी लिहिलेली यादी आता मुलीकडचे लिहू लागले, एवढाच हा बदल आहे. त्याला लोभ म्हणायचे असेल तर आधीच्या यादीलाही तेच नाव द्यावे लागेल. माझ्या मते ही मुलगी लोभी नसून सावध आहे. तिला वही वाचता येऊ लागली आहे, ‘मदर इंडिया’तल्या घराला जी वाचता येत नव्हती ती.

मात्र नुसत्या सावधपणाने संसार होत नाही, हेही तितकेच खरे. सदनिका, नोकरी, जमीन या तिन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या आणि तरी माणूस नकोसा वाटला, तर ते बोलायला शब्द तिच्याजवळ नाहीत. घरात ते मिळत नाहीत, शाळेत आम्ही शिकवत नाही. उरतो तो चित्रपट. आणि त्याने तिला आरसेमहाल दिला आहे किंवा फड दिला आहे. म्हणून इथे अभिरुचीपेक्षा जास्त काही पणाला लागले आहे. ज्या समाजात इच्छेची खरी भाषा नसते तिथे माणसे वस्तूंच्या भाषेत मागू लागतात. सोने म्हणजे आदर, मोटार म्हणजे प्रेम, मोठा मांडव म्हणजे पोरीची किंमत, असे भाषांतर चालू होते, आणि मागणाऱ्यालाही पुढे मूळ शब्द आठवत नाही. आपल्या चित्रपटांतल्या आणि आपल्या घरांतल्या वस्तूंच्या हव्यासाचे मूळ मला इथे दिसते.

लग्न लागताना नवरानवरीच्या मध्ये अंतरपाट धरतात. मंगलाष्टके संपली की तो दूर करायचा असतो, म्हणजे दोघांनी एकमेकांकडे पाहावे. आपल्या चित्रपटाने बराच काळ तो धरूनच ठेवला आणि त्यावर सुंदर सुंदर चित्रे काढली. ‘कुंकू’, ‘भूमिका’, ‘उंबरठा’, ‘सैराट’, ‘स्थळ’ हे चित्रपट मोठे आहेत ते त्यांनी तो बाजूला केला म्हणून. पलीकडे प्रथम यादी दिसली, देणे दिसले, कर्ज दिसले. आणि ते सगळे दिसल्यावरच पलीकडचा माणूसही दिसला. पुढच्या पटकथाकाराकडे माझे मागणे फार मोठे नाही. त्याने आपल्या नायिकेला खुशाल प्रेमात पाडावे, गाणीही द्यावीत. फक्त त्याआधी तिच्या बापाने सही केलेला तो कागद एकदा प्रेक्षकाला वाचू द्यावा.